शौचाचा रिपोर्ट हिरवा, श्वासाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह: आयबीएस आणि सिबोमध्ये जंतू नेमके कुठले वेगळे असतात?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. आयबीएसवर (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखत-बिघडत राहणं) इथं आधीचे धागे आहेत, पण सगळे "ओवा खा, टेन्शन घेऊ नका" इथपर्यंत येऊन थांबतात. म्हणून नवा काढतोय.

मला जेवल्यावर तासाभरात पोट तट्ट फुगतं. सकाळी दोन-तीनदा पातळ होतं, आणि कळ शौचाला जाऊन आलं की कमी होते. सुरुवात एका उन्हाळ्यात झाली. टँकरचं पाणी होतं, गल्लीत बऱ्याच घरांत जुलाब-उलट्या झाल्या, आमच्याही घरात सगळे आडवे. बाकीचे आठवड्यात उठले, माझं पोट तेव्हापासून ताळ्यावर नाही. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल आलं, निदान आयबीएस. नंतर छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पाजून श्वासाची तपासणी केली. हायड्रोजन वाढला. "लहान आतड्यात जंतू जास्त झालेत, सिबो (स्मॉल इंटेस्टायनल बॅक्टेरियल ओव्हरग्रोथ) आहे," म्हणाले.

मधल्या काळात मेव्हण्याच्या नादानं एक घरपोच किट मागवून शौचाच्या नमुन्यावरून पोटातल्या जंतूंची डीएनए तपासणीही करून घेतली. त्यात विविधता चांगली, प्रीव्होटेला नावाचे जंतू भरपूर, गुण हिरव्या पट्ट्यात. मग जंतू बिघडलेत की नाहीत? दोनपैकी कुठला कागद खरा धरू?

पोटदुख्या (बीड)

हिरवा पट्टा फ्रेम करून लावा, पैसे मेव्हण्याकडून घ्या.

(बाकी प्रश्न माझाही तोच आहे. वाचनखूण साठवली.)

मांजरातीर (लातूर)

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे जंतूंपुरतं बोलते.

गोदाकाठदादा, दोन्ही कागद खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या जागांचे आहेत. शौचाचा नमुना म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवट. तिथं एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटींच्या घरात जंतू असतात. जठराच्या लगेच पुढं, लहान आतड्याच्या सुरुवातीला, निरोगी माणसात एका मिलिलिटरमध्ये हजाराच्याही खाली. लहान आतड्यातली गर्दी दसपट झाली तरी शेवटी तो आकडा मोठ्या आतड्याच्या महासागरात कुठल्या कुठं विरून जातो. शौचावरून सिबो ओळखता येत नाही ते यामुळे. ते किट विकणाऱ्यांनी हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे, पण लिहितील कशाला?

आता लहान आतड्यात जंतू कमी का असतात. जठरातलं आम्ल बहुतेकांना वरच मारतं. पित्त आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर झडप आहे, ती खालचा माल वर येऊ देत नाही. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे कुणी बघत नाही: पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून खालपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलंसुरलं अन्न, जंतू, सगळं झाडून पुढं ढकलते. काही खाल्लं की लाट थांबते. दिवसभर चहा-बिस्कीट, फरसाण, मूठभर फुटाणे असं चरत राहिलं की तिला वेळच मिळत नाही.

तुमचा टँकरचा उन्हाळा इथं येतो. जुलाबाच्या साथीनंतर साधारण दहातल्या एकाला पुढं आयबीएस जडतो, हे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून आलंय. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातले मार्क पिमेंटेल यांचा गट त्याची एक साखळी मांडतो: कॅम्पायलोबॅक्टर, शिगेला यांसारखे जंतू सीडीटीबी नावाचं विष सोडतात. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती प्रतिपिंडं आपल्याच व्हिनक्युलिन नावाच्या प्रथिनावर घसरतात, आतड्याच्या हालचाली चालवणाऱ्या पेशी दुबळ्या होतात, लाट मंदावते आणि जंतू साठतात. सगळ्यांना ही साखळी शेवटपर्यंत पटलेली नाही. पण "साथीनंतर सगळे बरे झाले, मीच राहिलो" याला निदान एक धड उत्तर तरी मिळतं.

आणि मूळ प्रश्न, जंतू कुठले. याच गटानं एंडोस्कोपीतून लहान आतड्यातला द्रव काढून तपासला. सिबो असलेल्यांत प्रोटिओबॅक्टेरिया हा गट फार वाढलेला, त्यातही ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे दोघे. हे वाढले की बाकीच्यांची विविधता घटते. म्हणजे दुसऱ्या गावचे जंतू नाहीत हे. मोठ्या आतड्यात थोडे-थोडे सगळ्यांकडे असतात. लहान आतड्यात, जिथं साखर आणि स्टार्च अजून शोषलेलं नसतं, तिथं त्यांना आयतं ताट मिळतं. मग तिथंच आंबवणं, तिथंच वायू, तिथंच फुगणं.

तुमच्या रिपोर्टातलं प्रीव्होटेला भाकरी-वरण खाणाऱ्या भारतीयांत सर्रास भरपूर सापडतं. त्यावरून ना आनंद माना ना दुःख.

गोदाकाठ

ताई, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे आयबीएस आणि सिबो एकच का?

मांजरातीर

नाही. आयबीएस लक्षणांवरून ठरतो. २०१६ च्या रोम-४ निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि शौचाशी तिचा संबंध, शौचाच्या वेळा बदलणं, स्वरूप बदलणं यांतल्या किमान दोन गोष्टी. त्रासाची सुरुवात सहा महिने तरी जुनी हवी. सिबो हे तपासणीवरून ठरतं. आयबीएसवाल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत तपासणीत सिबो निघतं. दोन वर्तुळं एकमेकांवर थोडी चढलेली आहेत, एवढंच.

ज्यांना फक्त आयबीएस आहे त्यांच्या शौचातही सरासरीनं काही फरक दिसतात. एन्टेरोबॅक्टेरियासी हे ई. कोलायचं कुळ वाढलेलं, फीकॅलिबॅक्टेरियम आणि बायफिडोबॅक्टेरियम कमी. पण ही सरासरी झाली. एका माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन "तुम्हाला आयबीएस आहे" असं सांगता येईल इतका फरक तो नाही.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

मेडिसिनला रेसिडेंट आहे, वॉर्डातून लिहितोय, त्रोटक वाटलं तर समजून घ्या.

ताईंचं बरंचसं मान्य. पण श्वासाच्या तपासणीवर एवढा भरवसा ठेवू नका. ती जंतू मोजत नाही, जंतूंनी साखर आंबवून काढलेला वायू मोजते. ग्लुकोज लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या भागातली गर्दी निसटते. काही ठिकाणी ग्लुकोजऐवजी लॅक्ट्युलोज पाजतात, ते शोषलंच जात नाही, ते मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जंतू हायड्रोजन काढतातच. ज्याचं आतडं घाईचं आहे, म्हणजे जुलाबवाला आयबीएस, त्याच्यात ते लवकर पोचतं आणि रिपोर्ट फुकट पॉझिटिव्ह येतो. २०११ मध्ये एका अभ्यासात लॅक्ट्युलोजबरोबर किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ पाजून कॅमेऱ्याखाली तो कुठं पोचलाय हे बघितलं. हायड्रोजन चढला तेव्हा बहुतेकांत तो मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जाऊन पोचलेलाच होता.

सध्याचा निकष असा: ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत वीस) वर. आणि द्रव काढून जंतू वाढवले तर मिलिलिटरमागे हजार. पूर्वी ही रेषा एक लाखावर होती. रेषा एवढी खाली आणली की काही निरोगी लोकही रोगी ठरणार, सरळ आहे.

अजून एक. मेयो क्लिनिकच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं की लहान आतड्यातल्या जंतूंच्या नुसत्या संख्येचा रुग्णाच्या लक्षणांशी मेळ बसत नाही, कुठले जंतू किती प्रमाणात आहेत याच्याशी बसतो. मग "ओव्हरग्रोथ" हा शब्द डोक्यात धरून नुसतं मारत सुटण्यात काय अर्थ?

मांजरातीर

त्याच अभ्यासातला दुसरा भाग सांगितला नाहीत डॉक्टर! आधी चांगलं चोथ्याचं खाणाऱ्या काही निरोगी लोकांना त्यांनी आठवडाभर चोथा कमी, साखर जास्त असा आहार दिला. बहुतेकांना पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि लहान आतड्याचं अस्तर जास्त पाझरू लागलं. आठवडाभरात! मैद्याच्या खारीवर आणि बाटलीबंद सरबतांवर दिवस काढणारी आमच्या कॉलेजची पोरं बघते तेव्हा हे हमखास आठवतं.

आणि संख्येपेक्षा "कुठले जंतू" महत्त्वाचं, हे तर मी म्हणतेच आहे. भांडण कशावर चाललंय आपलं?

रात्रपाळी

भांडण नाही, पुरवणी.

बप्पा परभणीकर

ताई, डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं वाचलो, निम्मं समजलं. माजं वय झालेलं. पोट गच्च राहतंय, ढेकर लई. गावातल्या मेडिकलवाल्यानं गॅसची कॅप्सूल दिली व्हती, रोज सकाळी उपाशीपोटी घेतो बगा, लई वर्सं झाली. नाही घेतली तर छातीत आग. अन् घेतली तरी पोट फुगायचं काय थांबत नाही. ही कॅप्सूल त्या जंतूचं काय करते?

रात्रपाळी

बप्पा, महत्त्वाचं विचारलंत. त्या कॅप्सूलला सगळा मराठवाडा "गॅसची गोळी" म्हणतो, पण ती बहुधा पँटोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल असते. तिचं काम आम्ल कमी करणं, वायूशी तिचा संबंध नाही. आम्ल हाच जंतूंवरचा पहिला पहारा, ताईंनी वर लिहिलंय. तो पहारा वर्षानुवर्षं उठवून ठेवला की लहान आतड्यात जंतू वाढायचा धोका वाढतो. म्हणजे फुगण्यासाठी घेतलेल्या गोळीनं फुगणं वाढूही शकतं.

पण आज वाचून उद्या एकदम बंद करू नका. अचानक सोडली की आम्ल उसळी मारून येतं, तीच ती छातीतली आग, आणि माणूस परत गोळीकडे जातो. हळूहळू कमी करतात. आणि कुणाला अल्सर झालेला असतो, कुणाला हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असतं, त्यांना ती लागतेच. डॉक्टरांना एवढंच विचारा की मला ही का चालू आहे आणि कधीपर्यंत.

तुमचं वय बघता अजून एक. शौचातून रक्त, काळं शौच, वजन उतरणं, रक्त कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, यांतलं काहीही असेल तर सिबो-आयबीएसच्या गप्पा बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. आपल्याकडे आतड्याचा टीबीही अशा तक्रारींनी येतो.

बप्पा परभणीकर

बरं झालं सांगितलं. वजन थोडं उतरलंय. लेकाला म्हणतो उद्या.

रात्रपाळी

उद्याच जा बप्पा.

येसर (धाराशिव)

आहारतज्ज्ञ आहे. इंटरनेटवरून काढलेले फॉडमॅपचे तक्ते हातात घेऊन लोक येतात, त्यात केल आणि किन्वा. आपल्या घराचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि जंतू पटकन आंबवतात अशी कर्बोदकं. हा आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी बसवला. त्यांच्या मोजणीत ज्वारी कमी फॉडमॅपची ठरते आणि गहू जास्त. म्हणजे शहरात गेल्यावर भाकरी सोडून पोळी धरली आणि पोट बिघडलं असं म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीत. तांदूळ, शेंगदाणा, तीळ, बटाटा, गाजर, पालक चालतात. मुरमुऱ्याचा सुशीला कांदा वगळून केला तर उत्तम नाश्ता.

अडचण कांदा-लसणाची. त्यातलं फ्रुक्टन हे फॉडमॅप पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेल तापवून लसणाच्या पाकळ्या आख्ख्या टाकायच्या, कडा तांबूस झाल्या की झाऱ्यानं काढून घ्यायच्या आणि मगच मोहरी-जिरं टाकायचं. वास आणि चव तेलात उतरलेली असते. मात्र पाकळ्या वरणात पडून उकळल्या की फ्रुक्टन वरणात, मग नंतर काढून उपयोग नाही. कांद्याच्या जागी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. हिंग चालतो, पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्यांना गहू कडक बंद आहे त्यांनी डबीवर वाचून घ्यावं.

डाळी: तूर, हरभरा, मटकी यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतं, तेही पाण्यात उतरतं. डाळ भिजत घालून ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात शिजवायची. मुगाची डाळ थोड्या प्रमाणात बहुतेकांना सोसते. माझी लाडकी येसर आमटी मात्र गहू आणि हरभऱ्याच्या डाळीमुळे काही दिवस बाजूला, नाव लावून बसले तरी. ठेच्यातल्या मिरचीत फॉडमॅप फारसं नाही, पण तिखटानं आयबीएसचं आतडं तसंही चवताळतं, वर ठेच्यात लसूण.

वेळ अमावस्येला काय करायचं, हे दरवर्षी विचारतात. भज्जीत घेवडा, तूर, हरभरा, वाटाणा असं सगळं एका पातेल्यात असतं. शेतात जाऊन भज्जी न खाता येणं म्हणजे शिक्षाच. चमचाभर चव घ्या, बाकी ज्वारीची उंडी आणि भात खा. आंबिल थोडं घेऊन बघा, आंबल्यामुळं ताकातली दुधाची साखर कमी झालेली असते.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा आहार जन्मभराचा नाही. चार ते सहा आठवडे, फरक पडला तर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, नाही पडला तर सोडून द्यायचा. ताईंनी वर लिहिलंय की आयबीएसमध्ये बायफिडोबॅक्टेरियम आधीच कमी. हा आहार त्यांचंच अन्न तोडतो, त्यामुळे ते आणखी घटतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. लोक वर्षभर वरण सोडून बसतात, वजन घटवून घेतात आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, अजून कडक करू का?"

पोटदुख्या

लसणाचं तेल आजच करतो. बायको म्हणते काढलेल्या पाकळ्या मी खाईन. संसार टिकेल.

तेरची लेक (धाराशिव)

माझं उलटं आहे. बद्धकोष्ठता, तीन-तीन दिवस होत नाही, आणि फुगणं तेच. लॅक्ट्युलोजवर श्वासाची तपासणी केली, हायड्रोजन जवळजवळ सपाट. "सिबो नाही" म्हणून घरी पाठवलं.

मांजरातीर

ताई, रिपोर्टात मिथेनचा रकाना आहे का बघा. काही यंत्रं फक्त हायड्रोजन मोजतात.

मिथेन बनवणारे जीव बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया हा वेगळा वर्ग. आपल्या आतड्यातला मुख्य म्हणजे मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथिआय. दुसऱ्या जंतूंनी सोडलेला हायड्रोजन हा त्याचा खुराक: हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेऊन मिथेनचा एक रेणू करतो. मग श्वासात हायड्रोजन कमीच दिसणार, खाऊन टाकला ना कुणीतरी! आणि मिथेन आतड्याची चाल मंद करतो, म्हणून बद्धकोष्ठता. हा जीव मोठ्या आतड्यातही भरपूर असतो, त्यामुळे त्याला आता सिबो न म्हणता वेगळं नाव दिलंय, आयएमओ (इंटेस्टायनल मिथॅनोजेन ओव्हरग्रोथ). तपासणीत कधीही १० पीपीएम किंवा जास्त मिथेन आला तर पॉझिटिव्ह धरतात. जुलाबवाल्यांत वाढतो तो ई. कोलाय-क्लेबसिएलाचा गट, बद्धकोष्ठतेत हा. दोघांना सरसकट "पोटातले जंतू" म्हणून एकच औषध देऊन चालत नाही.

तेरची लेक

रकानाच नाही! फक्त एचटू.

गोदाकाठ

मला रिफॅक्सिमिनचा १४ दिवसांचा कोर्स दिलाय, अजून सुरू केला नाही. ओळखीचा मेडिकलवाला म्हणतो, "एवढं महाग कशाला, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल घ्या, पोटाला तेच चालतं." आणि प्रोबायोटिकच्या पुड्या घ्याव्यात का?

रात्रपाळी

मेडिकलवाल्याला नमस्कार सांगा आणि तिथून निघा. ते मिश्रण आमांशाच्या संशयावर आपल्याकडे खिरापतीसारखं वाटलं जातं. कित्येक आयबीएसवाले दर दोन महिन्यांनी ते खातात, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. मोठ्या आतड्यातले चांगले जंतू मात्र दरवेळी झोडपले जातात.

रिफॅक्सिमिन वेगळं एवढ्यासाठी की ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, आतड्यातच काम करतं. पण चमत्कार समजू नका. २०११ मध्ये टार्गेट नावाच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत औषधवाल्यांपैकी ४०.७ टक्क्यांना समाधानकारक आराम, नुसत्या साखरगोळीवाल्यांपैकी ३१.७ टक्क्यांना. फरक नऊ टक्क्यांचा, खरा पण छोटा. नंतर ९३ रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात औषध देण्याआधी श्वासाची तपासणी केली होती. पॉझिटिव्ह असलेल्यांत ५९.७ टक्क्यांना गुण आला, निगेटिव्ह असलेल्यांत २५.८ टक्क्यांना. म्हणजे मी वर जिला नावं ठेवली ती तपासणी इथं उपयोगाची ठरते. तुमची पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांनी विचारानंच दिलंय. कोर्स पूर्ण करा. त्रास परत येऊ शकतो, तेव्हा स्वतःच्या मनानं दुसरा कोर्स आणू नका.

पुड्यांबद्दल: अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, एजीएनं, २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनाबाहेर वापरू नका असंच म्हटलंय. घरचं दही सोसत असेल तर खा, औषध म्हणून नको.

येसर

+१. आणि चोथा हवा तर इसबगोल, गव्हाचा कोंडा नको. कोंड्यानं आयबीएसवाल्यांचं फुगणं वाढतं. तेरच्या ताईंनाही इसबगोल चालेल, भरपूर पाण्याबरोबर, थोड्यापासून सुरुवात करून.

रात्रपाळी

तेरच्या ताईंनी तपासणी परत करायची ठरवली तर इसबगोल त्यानंतर सुरू करा. फोन करून "मिथेन मोजता का" हे आधी विचारा. गेल्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक झालेलं नसावं. पोट साफ होण्याची औषधं कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. आदल्या दिवशी डाळ, भाजी, फळ, भाकरी बंद, साधा भात चालतो. रात्रीपासून उपाशी. सकाळी दात घासून, चूळ भरून जायचं, तंबाखू-सिगारेट नको, जिना चढउतार नको. दोन-तीन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी फुंकायला लावतात, वेळ काढून जा. आणि गोदाकाठ, पुढच्या भेटीत बी-१२ आणि सीलिॲकची टीटीजी तपासणी झालीये का ते विचारा. लहान आतड्यात वाढलेले जंतू बी-१२ आपल्याआधी खाऊन टाकतात, आणि गव्हानं होणारा सीलिॲक कित्येकदा आयबीएसच्या नावाखाली लपून राहतो. मात्र टीटीजीचं रक्त देईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येईल.

गोदाकाठ

बी-१२ झालंय, कमी होतं, इंजेक्शनं घेतली. टीटीजी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे येसरताईंचा आहार रक्त दिल्यानंतरच?

येसर

हो. तोवर पोळी चालू राहू द्या. लसणाचं तेल आणि डाळीचं पाणी फेकणं आजपासून करायला हरकत नाही.